दोन बोटं आत

"हे भोक कोणी पाडलं?"

सबनीसांनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं, की खंडेराव हवालदारांना वाटलं, माणूस आपल्या कामाची तारीफच करतोय. ते खुर्चीमागून पुढे आले.

"मीच की साहेब. दाभणानं. कोपऱ्याला पाडलं का फाटतं, लेबल निसटतं. म्हनून चांगलं दोन बोटं आत घेतलंय. वढून बगा, जागचं हालायचं न्हाई."

सबनीसांनी ओढून पाहिलं नाही. कॉम्प्युटरमधले गुन्हे कसे शोधायचे याचाच अभ्यास करणारा हा माणूस, मुंबईहून खास या तपासासाठी आलेला. हातातल्या काळ्या चौकोनी फ्लॉपीकडे तो नुसता बघत राहिला. फ्लॉपीतून सुतळी आरपार गेली होती. सुतळीला पंचांच्या सह्यांचं लेबल होतं आणि गाठीवर लाखेचं लालभडक सील. लाख चांगली कढत करून ओतलेली, थोडी भोकातून आतही उतरलेली.

"हवालदार, ही बाहेरून चौकोनी दिसते ना, पण आत एक पातळ गोल तबकडी असते. ती फिरली तरच मशीनला वाचता येतं. तुमचं दाभण त्या तबकडीतून गेलंय, आणि लाखेनं ती आतल्या आत चिकटलीय."

"मग?"

"मग काही नाही. आता यातलं काहीच वाचता येणार नाही."

तरी खंडेरावांनी विचारलंच, "आन कोपऱ्याला पाडलं असतं तर?"

सांगावं की नाही, असा सबनीसांना क्षणभर प्रश्न पडला असावा. "कोपऱ्यात तबकडी नसते," ते म्हणाले. "तर बहुतेक वाचली असती."

आता याला काय म्हणावं! एखाद्या आळशी हवालदारानं कोपऱ्यात कसंबसं दाभण खुपसून मोकळं व्हावं, तर पुरावा शाबूत. आणि खंडेरावांनी जीव लावून काम केलं, तर त्याची माती. अति तिथं माती म्हणतात, ते काही उगाच नाही.

खंडेराव मूळचे पारनेरकडचे. पोलिसात लागून कोकणपट्टीला आले आणि इथलेच झाले. किनाऱ्याकडच्या त्या पोलीस ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीची किल्ली कित्येक वर्षं त्यांच्याच कमरेला होती. कोयते, सायकली, गावठीचे कॅन, रक्ताचे कपडे, काय काय त्या खोलीत आलं आणि कोर्टात गेलं. फार पूर्वी एकदा एका वकिलानं भर कोर्टात त्यांना विचारलं होतं, पाकिटावर लेबल आहे, पण आतली वस्तू बदलली नाही कशावरून? खंडेरावांना उत्तर सुचलं नव्हतं आणि आरोपी हसत बाहेर गेला होता. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. लेबल पाकिटाला नाही, वस्तूलाच. कोयत्याच्या मुठीला, सदऱ्याच्या काजाला, कागदाला भोक पाडून. पुढं कुणा वकिलाची त्यांच्यापुढं डाळ शिजली नाही.

ही फ्लॉपी आली ती बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यातून. कारखान्याच्या खास निळ्या रंगासारखाच रंग दुसऱ्या कुणी बाजारात आणला, आणि मालकानं फिर्याद दिली की आमचा फॉर्म्युला कॉम्प्युटरमधून चोरला. कॉम्प्युटरवर बसायची ती कमळी, एडवणच्या नवशा तांडेलाची मुलगी. तिच्या डब्याच्या पिशवीत एक फ्लॉपी सापडली. झालं! पोरीला धरलं, जामिनावर सोडलं, आणि आठवड्याला ठाण्यात हजेरी लावली.

कमळी पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती. "तिच्यात रंगाचं काय बी नाय. माज्या बाबांच्या खुणा हायत."

खुणा म्हणजे समुद्रातल्या. किनाऱ्याचं कुठलं देऊळ मागच्या कुठल्या डोंगराच्या रेघेत आलं की पाण्याखाली खडक आहे, कुठला माड कशाआड गेला की घोळ मासा लागतो, असं सगळं. नवशा तांडेल अर्धांगाच्या झटक्यानं खाटेला खिळला होता, आणि खुणा जाणणारा त्यांच्या घरातला तोच शेवटचा. तो संध्याकाळी सांगायचा आणि कमळी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी अक्षरांत टाइप करून फ्लॉपीत ठेवायची. कागदाला वाळवी लागते, फ्लॉपीला लागत नाही, असं तिला कारखान्यातच कुणीतरी सांगितलं होतं.

मुंबईहून माणूस येईल, फ्लॉपी उघडेल आणि आपण खरं बोललो ते सगळ्यांना दिसेल, या एका आशेवर ती पोरगी हजेरीला येत होती. मध्येच नवशा गेला. त्या आठवड्यातही ती आली, रजिस्टरवर सही केली आणि "बाबा गेलं" एवढंच म्हणाली. तेव्हा खंडेरावांनी तिला बसायला खुर्ची दिली होती.

सबनीस कारखान्यातही जाऊन आले. आल्यावर डोक्याला हात लावून बसले. कॉम्प्युटरचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवलेला, म्हणजे वॉचमनपासून मालकाच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांना पाठ. मशीनमधली तारीख कुणी कधी लावलेलीच नाही. ते रोज सकाळी एकोणीसशे ऐंशी सालातच जागं व्हायचं. कुठली फाइल कुणी, कधी उतरवून घेतली, ते कळायला मार्गच नव्हता. चोर कुणीही असेल, हाती सापडली ती कमळी. बोलणारी होती ती एक फ्लॉपी, आणि तिचं तोंड खंडेरावांनी लाखेनं बंद केलं होतं.

"आमच्या अभ्यासात पहिला धडा हा, की मूळ वस्तूला हात लावायचा नाही," सबनीस चहा पिताना म्हणाले. "तिची नक्कल काढायची आणि नक्कल तपासायची. पण हा धडा अजून माझ्या टेबलावरच पडलाय हो. तुमच्यापर्यंत पोचवलाच नाही कुणी." मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "तुम्ही सील कसं करता, ते मला पहिल्यापासून सांगा."

"चुकीचंबी लिवून घेता व्हय?"

"तेच तर हवंय. हाताला काय सवय आहे ते कळल्याशिवाय नियम कसा करायचा?"

खंडेरावांनी सांगितलं. वस्तू पुसायची, दाभण तापवायचं, सुतळीला मेण लावायचं. सबनीसांनी लिहिताना मान वर केली नाही, हे त्यांना बरं वाटलं.

सबनीस गेले आणि मोठ्या साहेबांनी खंडेरावांना आत बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. पण केस हातातून निसटताना दिसली की भलाभला माणूस वाकडा विचार करतो.

"खंडेराव, भोक आधीपासून होतं."

"साहेब?"

"पोरीनंच पाडलं. पकडली जातेय म्हटल्यावर पुरावा नष्ट केला. तुम्ही फक्त त्याच भोकातून सुतळी ओवलीत. सबनीसांना काय, त्यांना तुम्ही घाबरून काहीतरी बोललात. पंचनाम्यात भोकाचा उल्लेख नाही, पण राहून गेला म्हणता येईल."

"मग तिला शिक्षा हुईल की साहेब."

"आणि नाही तर काय होईल ते सांगू? रिटायर व्हायला आलात. पुरावा घालवणारा हवालदार म्हणून जाणार का घरी? सगळ्या जिल्ह्यात हसं होईल. तुमचं आणि ठाण्याचंही. विचार करा."

खंडेरावांनी विचार केला. विचार केला म्हणजे काय, दुसरं काही सुचेचना. मुद्देमाल म्हटलं की लोक त्यांचं नाव घ्यायचे. नवीन पोरांना त्यांच्याकडं शिकायला पाठवायचे. ते नाव जाणार, याचं त्यांना दुःख झालं. अगदी मनापासून झालं. उगाच साधुसंताचा आव कशाला आणायचा!

घरी बायकोनं, राहीबाईंनी, ताट वाढलं, तर भाकरी तशीच. "काय झालंय?" त्यांनी विचारलं. खंडेरावांनी सगळं सांगितलं.

"लोक हासतील," खंडेराव म्हणाले.

"हासतील की. चार दिस हासतील." त्यांनी भाजी पुढं सरकवली. "त्या पोरीला चोर म्हनतील ते जलमभर. जेवा."

हजेरीच्या दिवशी कमळी आली. पांढरी ओढणी, हातात पिशवी. सही करता करता तिनं विचारलं, "हवालदारकाका, मुंबयचे सायब येऊन गेलं ना? मंग आता सगल्यांना समजंल."

"पानी पी," खंडेराव म्हणाले आणि स्वतः उठून माठातलं पाणी आणून दिलं. ती पाणी प्यायली आणि ग्लास विसळून ठेवून गेली. सांगायचं धाडस झालं नाही याची त्यांना नंतर फार लाज वाटली.

पालघरच्या कोर्टात त्यांची साक्ष निघाली. सरकारी वकिलांनी फ्लॉपी वर धरून दाखवली आणि साहेबांनी पढवलेलाच प्रश्न विचारला, "वस्तू तुमच्या ताब्यात आली तेव्हा तिला हे भोक होतं, बरोबर?"

"न्हाई साहेब," खंडेराव म्हणाले. "भोक मी पाडलं."

वकील गोंधळले. मॅजिस्ट्रेटनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही काय सांगताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"व्हय. आली तवा वस्तू धडधाकट हुती. मला त्यातलं कळत नव्हतं, मी कुनाला इचारलं न्हाई. दाभण घातलं, लाख वतली. आत काय हुतं ते आता कुनालाच कळायचं न्हाई, आन ते माज्यामुळं. पोरीचा त्यात काई हात न्हाई."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. खंडेरावांनी तिकडं लक्ष दिलं नाही. ते कमळीकडं बघत होते. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. ती उभी होती ती हळूच खाली बसली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

पुराव्याअभावी कमळी सुटली. बाहेर तिच्या वकिलानं अभिनंदन केलं, तर ती म्हणाली, "सुटले, पन चोरी नाय केली असं कुठं म्हनले?" कारखान्यानं तिला परत घेतलं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

आणि हसं झालं, साहेबांनी सांगितलं होतं तसंच. दुसऱ्या ठाण्यांतले लोक भेटले की दाभणाची विचारपूस करायचे. मुद्देमालाची किल्ली काढून घ्यायचा हुकूम निघाला. ती सोपवण्याआधी एक काम राहिलं होतं. कोर्टाचा आदेश होता, वस्तू जिची तिला परत करावी. अशा वेळी माणसाला ठाण्यात बोलावतात. खंडेरावांनी बोलावलं नाही. सफाळ्याहून एसटी धरून ते स्वतःच एडवणला गेले.

कमळीची आई मागच्या अंगाला काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. कमळी पुढच्या ओट्यावर जाळं विणत बसली होती. वर्दी बघून ती उठली, पण घाबरली नाही.

"आता काय रायलं, काका?"

त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं. सुतळी आणि लेबल त्यांनी काढून टाकलं होतं. लाख मात्र निघाली नव्हती. कमळीनं फ्लॉपी बाहेर काढली आणि भोकावरून बोट फिरवलं.

"काय आठवतंय का तुला त्यातलं?" खंडेरावांनी विचारलं.

"थोडं. देवलाचा कलस आन तांदूळवाडीचा डोंगर एका रेघेत आला का खाली खडक, जालं टाकायचं नाय. अजून एक-दोन." ती थांबली. "बाबा रोज सांगायचं. मी टायपायची, आन टायपलं का डोक्यातून सोडून द्यायची. फ्लॉपीत हाय म्हनून."

"चूक माजी झाली, पोरी."

"हो," कमळी म्हणाली. ती रागावली नव्हती, पण असू द्या, असंही म्हणाली नाही. ते तिनं म्हटलं नाही हेच खंडेरावांना योग्य वाटलं.

त्यांनी खिशातून पावती काढली. छापील पावती, कोयत्यालाही तीच आणि सायकललाही तीच: वर नमूद केलेली वस्तू मला सुस्थितीत परत मिळाली. आजवर शेकडो लोकांनी त्याखाली त्यांच्यासमोर सह्या नाहीतर अंगठे केले होते. कमळीनं पेनासाठी हात पुढं केला.

"थांब," खंडेराव म्हणाले. ओट्याच्या कडेवर कागद टेकवून त्यांनी 'सुस्थितीत' या शब्दावर सरळ रेघ मारली, आणि शेजारी आपली सही केली. मग कागद तिच्याकडं दिला.

कमळीनं तो वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग खाली नाव लिहिलं, सावकाश, पूर्ण: कमळ नवशा तांडेल.

खंडेराव कागद घडी करून कुंपणाबाहेर आले. मागच्या अंगानं आईचा आवाज आला, "कोन आलतं गं?"

"पोलीस," कमळी म्हणाली. "बाबांचं सामान देऊन गेलं."