खाडीपलीकडचा कौल

उजवीकडची पाकळी सुटली, हेलकावत खाली आली आणि लालबागच्या त्या हॉलमध्ये असा गजर झाला की, विलायती बँड मुंबईलाच येणार हे रस्त्यापलीकडच्या कुत्र्यांनाही कळलं.

काळ्या पाषाणावर झेंडूच्या दोन पाकळ्या चिकटवलेल्या होत्या. उजवी मुंबईची, डावी नवी मुंबईची. जी आधी पडेल, तिचं शहर जिंकलं. कोकणात गावोगावच्या देवळात असा कौल लावतात. सोयरीक जुळेल का, विहिरीला पाणी लागेल का, हे विचारतात. लालबागमधली अर्धी वस्ती कोकणातली, त्यामुळे कौल म्हटलं की पाय आपोआप चपलेबाहेर येतात. गंगाधर महाराजांनी या जुन्या प्रथेला चाकं लावली होती. अक्षरशः लावली होती. त्यांचा पाषाण ट्रॉलीबॅगेतून यायचा.

"भक्तहो," महाराज माइकवर म्हणाले, "हा बँड जगभर फिरतोय. आपल्या बाजूला एकच शो. शहरं भांडतायत. नवी मुंबई म्हणते, आमचं मैदान मोठं. आपण म्हणतो, आमचं नाव मोठं. मंत्री भेटतायत, स्पॉन्सर भेटतायत, पण बुकिंग वरून होतं! वरचा ऑर्गनायझर एकच!" त्यांनी बोट छताकडे केलं. छताला पंखा होता आणि तो बंद होता. पाकळीला वारा लागू नये म्हणून.

शेवटच्या रांगेत प्रिती मांडीवर बोटांनी ताल धरून बसली होती. आनंदाने नव्हे. अस्वस्थ झाली की तिची बोटं थांबत नसत. ती दादरच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि करी रोडच्या नवतरंग बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवायची. घर बौद्धांचं. देव्हारा नाही, त्यामुळे महाराज आले काय आणि गेले काय, तिच्या घरचं काही अडत नव्हतं. अडलं होतं पार्टीचं.

झालं होतं असं. शो ज्या शहरात होईल, तिथल्याच एका पार्टीला बँडच्या आधी अर्धा तास वाजवायला मिळणार होतं. निवड उद्या रविवारी, खाडीपलीकडे वाशीला. दोन्ही शहरांतल्या पार्ट्यांना एकच बोलावणं. आणि महाराजांनी मागच्याच बैठकीत सांगून ठेवलं होतं, "कौल मिळालेल्याने खाडी ओलांडून वाद्य वाजवलं, तर कौल वाद्याबरोबर पलीकडे जातो." झालं! सगळी पार्टी अलीकडे खिळली.

पार्टीचे म्होरके तात्या. साठी उलटलेले, बेंजोवर बोटं अशी चालायची की मिरवणुकीतली माणसं नाचायचं थांबून बघत. पण मिरवणुकीत कोण शेवटपर्यंत ऐकतं? ट्रक पुढे सरकतो, ऐकणारा मागे राहतो. तात्यांनी कधी स्टेजवर बसून, समोर बसलेल्या माणसांना एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवलं नव्हतं. आणि आता उजव्या हाताची दोन बोटं आखडायला लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू वाढत जाईल. प्रितीला अर्ध्या तासाचं स्टेज हवं होतं ते एवढ्यासाठी.

"तात्या, उद्या जाऊया ना," तिने पुढे सरकून हळूच म्हटलं.

"गो, खुळी काय तू? आताच कौल झालो मा!"

"मॅडम, रिस्क कशाला?" कीबोर्डवाला हेरंब म्हणाला. हेरंब गिरगावचा, इंजिनियर, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. "मी मानतो असं नाही. पण समजा खरं निघालं तर?"

शिकलेल्या माणसाची अंधश्रद्धा ही अशी असते. ती 'समजा' म्हणत येते आणि मग उठायचं नाव घेत नाही.

प्रिती उठली आणि थेट पाषाणापाशी गेली.

"महाराज, एक शंका आहे."

"विचार, बेटी."

"मुंबईची पाकळी तुम्ही उजव्या हाताने, तांब्यातल्या पाण्याने लावता. नवी मुंबईची डाव्या हाताने, चांदीच्या वाटीतल्या दुधाने. दोन्हींना पाणीच का नाही?"

"डाव्या हाताला तीर्थ चालत नाही, बेटी. त्याला दूधच. एनर्जी बॅलन्स व्हावी लागते."

"अच्छा. मग त्या दुधात हे थोडं टाकते." तिने पर्समधून शाळेच्या प्रयोगशाळेतली तपकिरी बाटली काढली. महाराज "अरे, अरे" करेपर्यंत दोन थेंब वाटीत पडले होते.

दूध निळंकाळं झालं. शाईसारखं.

मग महाराजांनी डोळे मिटले, दोन्ही हात वर केले आणि गरजले, "देवी कोपली! परक्या हाताने दूध काळं पडलं!"

आणि हात जोडले गेले. पटापट. पहिल्या रांगेतल्या दोघी तर घुमायलाच लागल्या. प्रितीने कपाळावर हात मारला. पुरावा दिला होता तिने, आणि लोकांनी त्याचाही चमत्कार केला होता!

"कमळाबाई!" तिने दाराकडे हाक मारली. कमळाबाईंची वड्यांची गाडी हॉलच्या तोंडाशीच असायची. "एक वडा द्या. आणि चहाचं दूध."

"चटणी घालू?"

"नको, देवीला चालणार नाही."

प्रितीने वडा फोडला आणि बटाट्यावर दोन थेंब टाकले. बटाटा निळाकाळा. मग चहाच्या दुधात टाकले. ते जरासं पिवळट झालं, बस्स. दुधात भेसळ नव्हती, हा त्या संध्याकाळचा एकमेव खरा चमत्कार.

"ह्या वड्यावर पण देवी कोपली का?" प्रितीने विचारलं.

"माझ्या वड्यावर?" कमळाबाई कमरेवर हात ठेवून आत आल्या. "कोण कोपली? बोलवा तिला! इतकी वर्षं गाडी लावते, कोणाचं पोट दुखलं नाही!"

हॉलमध्ये खसखस पिकली. प्रितीने ती संधी घेतली. "हे आयोडीन आहे. स्टार्चला लागलं की काळंनिळं होतं. सातवीची पोरं करतात हा प्रयोग. बटाट्यात स्टार्च असतं, दुधात नसतं. म्हणजे वाटीत दूध नाही. साबुदाण्याची पातळ खळ आहे. कमळाबाई, साडीला घालता तीच."

"मग त्यानं काय होतं?" मागून कोणीतरी विचारलं.

"पाण्याने चिकटवलेली पाकळी पाणी वाळलं की पडते. खळ वाळली की आणखी घट्ट धरते. आणि वाळायला हा समोर हॅलोजन लावलाय. मुंबईची पडणारच होती. देवाला यात काही कामच ठेवलेलं नाही."

"पण मॅडम, पडली तर मुंबईचीच ना!" हेरंब अजून 'समजा'तच होता.

"थांब." तिने पाषाण पुसला. आयोडीन न पडलेली, उरलेली खळ बॅगेजवळच्या डब्यात होती. ती मुंबईच्या पाकळीला लावली, पाणी नवी मुंबईच्या. हॅलोजन जवळ ओढला. सगळा हॉल श्वास रोखून बघत राहिला. महाराज बाकीचं सामान बॅगेत भरत होते.

डावी पाकळी पडली.

प्रितीला वाटलं, आता पटेल. त्याऐवजी मंडळाचा एक कार्यकर्ता ताडकन उठला. "ओ मॅडम! मुंबईविरुद्ध कौल लावता? लालबागमध्ये बसून? गेला ना आता शो पलीकडे!"

"उलटा लावा! परत लावा!" चारी बाजूंनी ओरडा झाला.

तिने रागाने बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. तिच्याकडे आणखी एक गोष्ट होती, पण ती तिला वापरायची नव्हती. प्रयोगाने माणूस शिकतो, भांडणाने नुसता चिडतो, असं ती वर्गात सांगत आली होती. पण उद्या सकाळी वाशीला हजर व्हायचं होतं. तिने फोन माइकला लावला.

व्हिडिओ तिच्या भावाने, संघर्षने, नवी मुंबईतल्या नेरुळहून पाठवलेला. तोच पाषाण, तोच हॅलोजन, तेच महाराज. फक्त चांदीची वाटी दुसऱ्या बाजूला. आणि आवाज खणखणीत: "मुंबईवाल्यांचा माज देवाने उतरवला! जुनं शहर, खड्डे आणि गर्दी! भक्तहो, कौल नवी मुंबईचा! आता खाडीकडे बघायचं नाही!"

विज्ञानाला जे साधलं नाही, ते 'माज' या शब्दाने एका झटक्यात साधलं.

"कोणाचा माज रे?" मघाचाच कार्यकर्ता महाराजांकडे वळला. "खड्डे काढतो काय आमचे?"

"बेटा, ते तिथल्या भक्तांसाठी..."

"म्हणजे तिकडे शो झाला की तू तिकडचा देव, इकडे झाला की इकडचा?" कमळाबाईंनी विचारलं. "आणि जिथे नाही झाला, तिथे तोंड दाखवणार नाहीस. बरोबर?"

प्रितीने फोन खाली ठेवला. हेच तिला सांगायचं होतं, आणि तिच्याहून सोपं सांगून झालं होतं. महाराज मात्र पाषाण बॅगेत कोंबून मागच्या दाराने निघाले होते. गुळगुळीत फरशीवर ट्रॉलीची चाकं छान पळतात.

तात्या अजून पाषाणाच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. प्रिती त्यांच्या शेजारी बसली. तिला वाटलं, आपण जिंकलो आणि ह्यांचं काहीतरी मोडलं.

"माका आधीच कळाक होया होतां," ते म्हणाले. "आमच्या गावचो देव बॅगेतसून येना नाय." मग त्यांनी आखडलेली दोन बोटं दुसऱ्या हाताने चोळली. "पण गो, भीती वाटता. उद्या गेलंय आणि बोटां नाय चाललीत तर? कौल होतो तेवा बरा होता. घराक बसाक कारण होता."

प्रितीकडे याला आयोडीन नव्हतं.

"नाही चालली तर नाही चालली, तात्या. पण ते वाशीला कळू दे. पाकळीवरून नको."

रविवारी सकाळी टेम्पो वाशीच्या पुलावर चढला, तेव्हा हेरंबने डोळे मिटून घेतले होते. पूल संपल्यावर उघडले. काही झालं नव्हतं. वाशीच्या सभागृहात परीक्षक प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. नेरुळच्या दोन पार्ट्या आल्याच नव्हत्या. त्यांच्या महाराजांनी म्हणे सांगितलं होतं की, शो घरबसल्या चालून येणार आहे.

तात्यांनी दोन ठिकाणी सूर चुकवला. एकदा बोट अडलं, तेव्हा प्रितीने ताल धरून ठेवला आणि ते परत आले. पण खुर्च्यांवरची माणसं उठली नाहीत, पुढे सरकली नाहीत. त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

पंधरवड्याने बातमी आली. शो अहमदाबादला गेला. तिथल्या मैदानात जास्त माणसं मावतात. वाशीच्या आयोजकांनी मात्र तात्यांना फोन केला, हिवाळ्यात आमचा एक छोटा कार्यक्रम आहे, वीस मिनिटं वाजवाल का?

त्या संध्याकाळी कमळाबाईंच्या गाडीभोवती चर्चा जोरात होती. "महाराजांना दुखावलं ना," कार्यकर्ता म्हणाला, "म्हणून गेला शो गुजरातला."

प्रितीने वडा खाली ठेवला. "तुम्ही आयोजक असता तर काय बघितलं असतं? मैदान, परवानग्या, लोक रात्री घरी कसे जातील, पुरेसे संडास आहेत का. हेच ना? मग आपल्या शहरात शो हवा असेल, तर हेच मागा. महापालिकेकडे मागा, आमदाराकडे मागा, ओरडून मागा. पाकळीला काय विचारता? ती वाळली की पडते. आणि कोणी म्हणालं, घरी बसा, बाकी मी बघतो, तर आधी एवढंच विचारा, हा पलीकडच्या काठावर काय सांगून आलाय?"

कार्यकर्त्याने आणखी एक वडा मागितला. तात्यांनी हात पुसले, बोटं दोनदा उघडमीट केली आणि म्हणाले, "चल गो, तालमीक उशीर होता."