पळसाच्या पलीकडून

मारेगावकडच्या आमच्या खेड्यात पांदणीचा, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेचा, वाद उठला की आधी कचेरीत कोणी जात नसे. त्या वाटेने सर्वांत जुन्या काळी ज्याने बैलगाडी हाकली, त्याने अनवाणी चालून दाखवायचे; तो चालेल ती वाट. गेली अकरा वर्षे हा मान माझा होता.

यंदा वाद माझ्याच घरचा निघाला. माझा मुलगा घनश्याम याने पांदण नांगरून तूर पेरली आणि शेजारच्या उकंडाचा वेचलेला कापूस वावरातच अडकला. खरी वाट बांधावरच्या पळसाच्या अलीकडून, आमच्या बाजूने जाते. पलीकडे नाला आहे. तिथून गाडी निघत नाही.

चालण्याच्या आदल्या संध्याकाळी घनश्याम माझ्याजवळ येऊन बसला.

"माय, बाबाईनं या वावरात रगत आटवलं. त्याईले काय वाटन?"

"तुह्या बापानंच त्या पांदणीवर मुरूम टाकला होता. दुसरं बोल."

"लोकं हासतीन मले."

"हासू दे. हासल्यानं वाट सरकत नाई."

"माह्या ऋतिकचं लगन जमून राह्यलं. वावर कमी दिसलं तं पोरीवाले मांगं सरतीन."

"पोरीवाल्याईनं का पांदण पायली हाय?"

तो उठून गेला. दया, लाज, भीती पुढे करून निवाडा फिरवू पाहणारे मी पुष्कळ पाहिले होते. माझा नियम साधा: अश्रू बाजूला ठेवावेत आणि मग उरते काय ते पाहावे. हा नियम मी घरात एकीलाच शिकवला. माझी नात सुरभी, घनश्यामची मुलगी, जी आता यवतमाळला वकिली शिकते.

रात्रीच्या जेवणाआधी तीच आली. माझा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाली, "आजी, बाबाच्या छातीत दुखून राह्यलं. डॉक्टर म्हणे, धक्का बसला तं काही खरं नाई. कोणाले सांगू नको. उद्या तू त्याच्या विरुद्ध चालली तं..."

वाक्य तिने अर्धेच सोडले. उरलेले मी स्वतःच पुरे केले. तिच्या बोलण्यात पांदण कुठेच नव्हती, हे मला दिसायला हवे होते. मला मुलाची तिरडी दिसली.

सकाळी, साऱ्या गावासमोर, मी पळसाच्या पलीकडून चालले.

"काकू चालल्या. आता काय बोलाचं," उकंडा एवढेच म्हणाला आणि रिकामी गाडी वळवून गेला.

दोन दिवस मी नीट जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सुरभीला म्हटले, "डॉक्टरचा कागद दे. मी सोता त्याले यवतमाळले नेते."

ती हसली. "कागद नाई, आजी. बाबाले काहीच झालं नाई."

"मंग?"

"तू मुद्द्यानं हलत नाई. पोराच्या जिवावर आलं का हलते. बाबाले हे जमलं नसतं."

घनश्याम लोभी आहे, हे मला ठाऊक होते; त्याचे दुःख जुने. परंतु माझा एकुलता एक हळवा कोपरा जिला मी विश्वासाने दाखवला, तिने तो वापरण्यासाठी जपून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांना बोलावून मी पुन्हा चालले, पळसाच्या अलीकडून, आमचीच उभी तूर तुडवीत. शेवटी थांबून सांगितले, "त्या दिवशी मी खोटी चालली. वाट ही हाय."

मग माझ्याच वयाची धनीबाई म्हणाली, "लीलाबाई, त्या दिवशीची चाल आमी खरी मानली होती. आजची कायच्यावरून मानाची?"

तिच्या जागी मी असते तर हेच विचारले असते.

उकंडाने सरकारी मोजणीचा अर्ज लिहिला. आमच्या गावात हे पहिल्यांदाच घडले. साक्षीदार म्हणून सही मागायला तो दारात आला, तेव्हा सुरभी माझ्या पायाशी बसून रडू लागली. ते रडणे खरे होते की नाही, हे मला आता ओळखता येत नाही. तिला पाणी दिले, आणि सही केली.