डावा पीळ

“ही लड कोणाची?” उषाताईंनी विचारलं आणि चिमटीत धरलेला लोकरीचा धागा सगळ्यांना दिसेल असा उंच केला.

दुपदरी वळलेल्या त्या धाग्याची पार दशा झाली होती. एक पदर ताठ होऊन वेटोळी घालत होता आणि दुसऱ्याचा पीळ सुटून नुसता पिंजका उरला होता. शाळेच्या ओसरीवर बसलेल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आशाबाईने बोट दाखवलं नाही, नुसती हनुवटी उडवली. खांबाला टेकून बसलेल्या धुरपदाबाईच्या हातातली सूत कातायची चाती फिरायची थांबली.

“एक पदर माझा हाये, एक हिचा,” आशाबाई म्हणाली. “माझ्या कातण्यात खोट नही, बाई. हिचा हातच डावा हाये. समदं उलटं काती ते.”

धुरपदाबाई चाती पुन्हा फिरवू लागली. डावखुऱ्या माणसाला हे सगळं ऐकायची सवय असते.

बऱ्हाणपूर हे सुताचं आणि जरीचं गाव. लोकरीशी त्याचा संबंध घोंगडीपुरता. जानेवारीतले थोडे दिवस सोडले तर गळ्यात मफलर घातलेला माणूस दिसला की लोक त्याला आधी सर्दीचं औषध सांगत. पण लढाई सुरू झाली आणि सरकारला सैनिकांसाठी गरम कपडे हवे झाले. गिरणीची लोकर मिळेनाशी झाली, तेव्हा बुधवारा पेठेतल्या मुलींच्या शाळेच्या उषाताईंनी डोकं चालवलं. असीरगडाच्या वाटेवरच्या वस्तीतल्या धनगरणी बोलावल्या, त्यांनी लोकर कातायची, गावातल्या बायकांनी मफलर विणायचे, असं ठरलं. उषाताईंना कामात ढिलाई खपत नसे. कमरेला नाडीने कात्री बांधलेली असायची आणि विणून झालेल्या मफलरचं एकही सुटं टोक त्या शिल्लक ठेवत नसत. सुटलेलं टोक म्हणजे सुटलेली शिस्त, असं त्या मुलींना सांगत आणि बायकांनाही.

“धुरपदाबाई, तुमचं सूत वाईट नाही,” उषाताई जवळ येऊन म्हणाल्या. “सगळ्यांत बारीक आणि एकसारखं आहे. पण सगळ्यांचा पीळ उजवा आणि तुमचा डावा. दोन्ही एकत्र वळले की असं होतं. उद्यापासून चाती सगळ्यांसारखी फिरवायची.”

“हो बाई.”

“जमेल?”

“जमवते ना.”

आणि तिने जमवलं. जन्मभराचा हात मोडून उलटा बसवणं सोपं नसतं. सुरुवातीला धागा सारखा तुटायचा, जाडजूड व्हायचा, आशाबाई खुसुखुसू हसायची. पण होळीच्या आत धुरपदाबाई उजव्या पिळाचं असं सूत काढू लागली की बाकीच्यांची चाती अर्धी भरायच्या आत हिची भरलेली असे. उषाताईंनी तिला विणकामही शिकवलं. तेही तिने उचललं. आता धनगरणीच्या हातात विणायच्या सुया म्हटल्यावर गावातल्या बायकांनी थोडी नाकं मुरडली, पण टाके बघितल्यावर ती आपोआप सरळ झाली.

एवढा आटापिटा ती का करते, हे एके दिवशी उषाताईंना कळलं. सगळ्या बाया गेल्यावर धुरपदाबाई तशीच बसून राहिली होती. शेजारी एक गाडगं होतं, फडक्याने तोंड बांधलेलं.

“घरी नाही जायचं?”

“बाई, एक गुलबंद माझ्या पिळाचा विनू का? दोन्ही पदर माझेच. मंग काई सुटत नही.”

“तुमच्या पिळाचा कशाला?”

धुरपदाबाई खाली बघू लागली. “आमचे ते पलटनीत हायेत. खेचरं राखतात. इटली मनून मुलुख हाये, तठी बरफ पडतो मनतात. लय दिवस झाले, काई सांगावा नही.”

“नाव काय त्यांचं?”

हे विचारायची चूक उषाताईंनी केली. मास्तरणी असल्या तरी नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, हे त्यांना का ठाऊक नव्हतं? पण कामाच्या माणसाच्या तोंडून आधी नावाचाच प्रश्न निघतो. धुरपदाबाई पदराचं टोक चावत राहिली. चपला विसरल्या म्हणून परत आलेल्या आशाबाईने मग दारातूनच सांगितलं, “उखर्डू नाव हाये त्याचं.”

मेंढरं रोगाने गेली त्या साली उखर्डू भरतीवाल्यांबरोबर गेला होता. त्याआधीची सगळी वर्षं दोघांनी तापीकाठाने कळपामागे काढली. संध्याकाळी वाघराच्या जाळीत मेंढरं कोंडली की तो तिने कातलेली घोंगडी पांघरून बसायचा आणि घोंगडीच्या काठाला सुटलेल्या दशीचं टोक चिमटीत धरून अंगठा पुढे सारायचा. बाकी दुनियेचा धागा असा फिरवला की सुटतो, धुरपदेचा आवळतो. “आवळला,” असं म्हणून तो दर वेळी नव्याने हसायचा. बायकोची थट्टा करायची त्याची एवढीच तऱ्हा होती, आणि तिलाही ती पुरत होती.

“अहो, पण इथून गठ्ठे जबलपूरला जातात,” उषाताई शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाल्या. “तिथे सगळे एकत्र होतात. मग बोटीत पडतात. हजारो मफलर, हजारो माणसं. तुमचा त्यांनाच कसा मिळेल?”

“हजार मेंढरं र्‍हायतात, बाई. सांजच्याला पिल्लं सोडली का परत्येक पिल्लू आपल्याच मायकडे जाते. त्याईले कोन सांगते?”

उषाताई भूगोल शिकवत, पण हा प्रश्न भूगोलातला नव्हता. “विणा,” त्या म्हणाल्या.

गाडग्यात जावळ होतं. कोकराची पहिली लोकर, तिला जावळ म्हणतात. ती कापसापेक्षा मऊ असते आणि आयुष्यात एकदाच निघते. कळप जायच्या आधीच्या कातरणीत धुरपदाबाईने ती जपून बाजूला ठेवली होती, पुढेमागे घरात पाळणा हलला तर त्यात अंथरायला. पाळणा हलला नाही. आता ते जावळ तिने डाव्या हाताने कातलं. हात आपल्या मूळच्या वळणावर आला तेव्हा माहेरी आल्यासारखं वाटलं तिला. धागा केसासारखा निघत होता. तिने तो दुपदरी वळला आणि मफलर विणला, गडद काळा, एका टाक्याचीही खोट नसलेला. शेवटी करंगळीएवढं टोक मोकळं सोडलं. उषाताईंचा हात कात्रीकडे गेला.

“नका कापू, बाई. त्याईले धराले पाहिजे ना काई.”

उषाताईंनी नियम मोडला. तो मफलर त्यांनी स्वतः गठ्ठ्यात ठेवला.

गठ्ठा शिवायच्या दिवशी खांडव्याहून साहेबाची मडम आली. बायका लुगडी सावरून उभ्या राहिल्या. मडम गोड बाई होती, सगळ्यांकडे बघून हसली. गठ्ठ्यातले मफलर एकेक उचलून बघता बघता तिच्या हाताला तो काळा लागला. तिने तो गालाला लावला, डोळे मिटले.

“बहुत अच्छा! ये किसने बनाया?”

धुरपदाबाईला पुढे ढकलण्यात आलं. मडमने तिचा हात हातात घेतला. शाळेतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, आशाबाईनेही वाजवल्या. मग मडम उषाताईंना म्हणाली, “इसको यहीं रखो. नमूना. सब औरतें देखकर सीखेंगी.”

शाळेत काचेचं एक कपाट होतं. त्यात पृथ्वीचा गोल, मुलींनी भरलेला पोपट आणि एक चांदीची ढाल होती. मडमच्या देखत मफलर त्यांच्या शेजारी ठेवला गेला आणि खाली चिठ्ठी लागली, ‘उत्तम काम, धुरपदाबाई’. किल्ली उषाताईंच्या कमरेला, कात्रीच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई सगळ्यांच्या आधी आली आणि कपाटासमोर उभी राहिली.

“बाई, तो गेला नही.”

“नाही गेला.” उषाताईंना तिच्याकडे बघवेना. “मडमने स्वतः ठेवलाय. पुन्हा येणार आहेत त्या, दिसला नाही तर विचारतील. मी कसा काढू? तुम्ही दुसरा करा ना तसाच.”

“तसाच केला का मंग तोई कपाटात जाईन.”

ती बोलली ते खरं होतं. ह्यापुढे तिच्या हातचं जे जे चांगलं होईल ते कोणाच्या तरी नजरेत भरणार होतं. तिकडे आशाबाईचे धसमुसळे मफलर बोटीत बसून बर्फाच्या मुलखात जात होते, आणि हिचा इथे पृथ्वीच्या गोलाशेजारी सन्मानाने पडला होता. धुरपदाबाई त्या दिवशी कातायला बसली पण तिचं लक्ष नव्हतं. संताप यावा असं कोणी वाईट वागलंच नव्हतं, म्हणून रडूही येत नव्हतं.

घरी जाताना वाटेत तिला सासू आठवली. सासूचे आधीचे दोन मुलगे गेले होते. त्यांची नावं चांगली, देवाची ठेवली होती. तिसरा झाला तेव्हा सासूने त्याला उकिरड्यावर लोळवून घरात घेतलं आणि नाव ठेवलं उखर्डू. असल्या पोराकडे कोण बघणार? कोणाची नजर पडली नाही, पोर वाचलं. लग्नात नवऱ्याच्या ह्या नावावरून धुरपदा रुसली होती, तेव्हा सासूने तिला हे सांगितलं होतं. चांगल्यावर सगळ्यांचा हात पडतो, पोरी. ठेवायचं असन ते वंगाळ दिसू द्यावं.

धुरपदाबाई वाटेतच थांबली. मग झपाझपा चालू लागली.

पुढच्या मफलरसाठी तिने गाडग्यातलं उरलेलं जावळच घेतलं, पीळही डावाच दिला. पण सूत काढलं ते असं की शिकाऊ पोरीनेही काढू नये. कुठे बोटाएवढं जाड, कुठे तुटायच्या बेताचं. ते मुद्दाम करणं तिला कातण्यापेक्षा जड गेलं. हात आपोआप नीट चालायचा आणि तिला तो अडवावा लागायचा. विणताना टाके गाळले, कडा वाकड्या केल्या.

“आवो, हे काय?” आशाबाई भर ओसरीवर म्हणाली. “मडमनं हात धरला अन् हात गेला का तुमचा? आमची पोरगी यापेक्षा बरं विनती.”

बाया हसल्या. इतक्या दिवसांत कमावलेला मान धुरपदाबाईच्या डोळ्यांदेखत गेला. तिने मान खाली घालून पुढचा टाका घेतला.

मफलर झाला तेव्हा उषाताईंनी तो हातात घेतला. असला माल त्यांनी आजवर तिथल्या तिथे उसवायला लावला होता. त्यांनी त्याची एक गाठ चाचपली, मग दुसरी. लोकर ओळखीची लागली. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग धुरपदाबाईकडे. शेवटी ते मोकळं सोडलेलं टोक त्यांच्या बोटांत आलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“चालेल,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मफलर त्यांनी गठ्ठ्याच्या मधोमध खुपसला, वर आशाबाईचे रचले आणि कात्रीला हात न लावता दाभण उचलला.

गठ्ठा गावाबाहेरच्या लालबागच्या स्टेशनवर गेला. धुरपदाबाई बैलगाडीच्या मागे स्टेशनपर्यंत चालत गेली आणि गाडी सुटल्यावर परत येऊन कातायला बसली, उजव्या पिळाचं, एकसारखं, झरझर.

लढाई संपली. माणसं परत येऊ लागली. कोणी लंगडत आलं, कोणी जाड होऊन आलं. उखर्डूचं काही कळलं नाही. मेला म्हणून कोणी सांगितलं नाही आणि आहे म्हणूनही नाही. धुरपदाबाईने कुंकू पुसलं नाही आणि वस्तीतल्या कोणाची तिला तसं सांगायची छाती झाली नाही. उषाताईंनी एक दिवस कपाट उघडून तो काळा मफलर तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. “तो कुठी गेलाच नही, बाई. त्याले काय इचारू?” एवढंच म्हणाली.

त्या थंडीत बऱ्हाणपुरात मफलर दिसू लागले. पलटणीतून सुटलेली माणसं ते घालून रुबाबात हिंडत. धुरपदाबाई लालबागच्या स्टेशनबाहेर जाऊन बसू लागली. मफलरवाला दिसला की उठायची, जवळ जायची आणि न विचारता मफलरची दशी चिमटीत धरायची. काही जण खेकसत. कोणी वेडी म्हणे.

एका सकाळी खाकी कोटातला एक तरुण गाडीतून उतरला. गळ्यात मफलर, रंग उडालेला, जाडाभरडा, गाठीगाठींचा. धुरपदाबाई जवळजवळ धावतच गेली. तिने टोक धरलं तेव्हा तो दचकला, पण तिच्या तोंडाकडे बघून त्याने ट्रंक खाली ठेवली आणि नीट दिसावं म्हणून मान थोडी वाकवली.

“काय पाहतं, माय?”

तिने अंगठा पुढे सारला. एकदा. मग पुन्हा, हळूच.

“सुटला,” ती म्हणाली.

त्याला काही समजलं नाही. तो तसाच उभा राहिला. धुरपदाबाईने सुटलेल्या त्या टोकाला उलटा पीळ देऊन ते पहिल्यासारखं घट्ट केलं, मफलर त्याच्या कोटात नीट खोचला आणि वरचं बटण लावून दिलं.

“जाय बापा,” ती म्हणाली. “घरी वाट पाहत असतीन.”