जरिनाचाचीची उसनवारी

“कर्ज न्हाई, उसनं न्हाई. आमच्या शिवांजलीचं कुणाला रुपाया देणं न्हाई, साहेब. लिवा तुमी.” जरिनाचाचीनं शिलाई मशीन न थांबवताच सांगितलं.

पुण्याहून चौकशीला आलेल्या साहेबांनी ते लिहून घेतलं आणि ते गेले. शेजारच्या शिवांजलीची संरक्षण खात्याच्या कचेरीत निवड झाली होती. तिथं गुपितं सांभाळायची, म्हणून माणसाच्या चालचलणुकीबरोबर त्याची देणीघेणीही तपासतात. कराडातल्या त्या गल्लीत कुणाकडं काय शिजतंय हे चाचीइतकं कुणालाच ठाऊक नसायचं, तेव्हा साहेब बरोब्बर ठिकाणी आले होते. चाचीही स्वतःवर खूश होती.

संध्याकाळी शिवांजली आली ती चेहरा पाडूनच.

“आवं चाची, काय सांगितलंसा त्यास्नी? आईच्या ऑपरेशनला तुमच्याकडनं ऐंशी हजार घेतल्यात, हे मी फॉर्मात लिवलंय.”

“कशाला लिवायचं? मी मागितलं का कवा?”

“देणं असलं तरी चालतंय. लपवलं तर नोकरी जाती. आता खरं कुणाचं, म्हणून साहेबांचा फोन आलाय. उद्या सकाळी विश्रामगृहावर बोलवलंय तुमास्नी.”

पोरीची नोकरी जाईल याची चाचीला धास्ती वाटली, पण त्याहून जास्त तिला राग आला होता. शिवांजलीची आई पद्मा त्या ऑपरेशननंतरही वाचली नाही. तेव्हापासून या पोरीचं जेवणखाण, आजारपण, अभ्यासाच्या वेळचा चहा, सगळं चाचीनंच पाहिलं. ते पैसे तिनं उसने म्हणून दिलेच नव्हते. घरच्या दुखण्याला खर्च केले होते. घरातला खर्च कुणी देणं म्हणून लिहितं का?

सकाळी साहेबांनी चाचीला खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस सरळ होता.

“नीट आठवून सांगा. पैसे असेच दिले असतील, तर मुलीनं चुकीचं लिहिलं असं होईल. उसने असतील, तर काल तुम्ही खोटं बोललात, एवढंच.”

शिवांजली बाहेर व्हरांड्यात उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. चाचीनं तिच्याकडं पाहिलं.

“उसनंच हायती,” ती म्हणाली. “काल मी खोटं बोलले.”

“परत करायचं ठरलंय?”

“व्हय. पगार सुरू झाला की दर म्हैन्याला. समदं घेणार हाय मी, सोडणार न्हाई.”

साहेबांनी लिहिलं. “आणि तुमचं तिच्याशी नातं काय?”

चाचीच्या ओठांवर आलेला शब्द वेगळा होता. पोरीनं फॉर्मात त्या जागी काय लिहिलं असेल, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

“शेजारीण,” ती म्हणाली, आणि सही करायला तिनं पेन मागितलं.