मागून म्हणणारे

भीमाबाईंनी सतरंजीचं टोक धरून खिडकीबाहेर दोनदा झटकलं आणि खोकत तिथंच खाली बसल्या. अख्खी सतरंजी झटकण्याइतका दम आता छातीत उरला नव्हता.

"निलयचा फोन होता," पंडितराव मोबाइल खिशात ठेवत म्हणाले. "अजमेरला बदली झाली त्याची. आजच निघायचंय."

"मग?"

"मग काय. तिकीट रद्द करू."

भीमाबाईंचा हात सतरंजीवरच राहिला. नवऱ्याचा हा आवाज त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. त्यात दुःख कमी आणि सुटका जास्त होती. बाई गं, या माणसाला जायचंच नाही, त्यांच्या मनात आलं, आणि असा राग आला की खोकलाच थांबला.

झोटवाड्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानावरची ही खोली म्हणजेच त्यांचं विहार. पंडितराव मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले, भुसावळच्या बौद्ध मंडळानं विचारलं की राजस्थानात धम्माचं काम करायला दोनेक वर्षं जाल का, आणि हे उठून निघाले. बायकोला विचारलं ते तिकीट काढल्यावर. दोनाची नऊ वर्षं झाली. "तू तर फॉरेनलाच गेलीस," भीमाबाईंची बहीण फोनवर म्हणायची, "आणि फॉरेनची माणसंसुद्धा अधूनमधून घरी येतात गं." इथले लोक सुरुवातीला नाव ऐकून 'पंडितजी' म्हणत पाया पडायला वाकायचे, तेव्हा हे असे भडकायचे की सोय नाही. म्हणून मग ते सगळ्यांचे 'गार्ड साब' झाले.

आता भुसावळला लेकीनं पुढची खोली रिकामी करून ठेवली होती. इथल्या धुळीतून निघा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. आज शेवटचा रविवार, पेट्या बांधून तयार, संध्याकाळची गाडी. भीमाबाईंना घरी जायचं होतं. इतकंच. पण गार्डसाहेबांची अट होती, चार्ज दिल्याशिवाय गार्ड गाडीवरून उतरत नाही. आणि चार्ज घ्यायला त्यांनी सबंध वर्ष अक्षर न् अक्षर घोटवून तयार केलेला एकुलता एक माणूस निघाला अजमेरला.

"एवढे लोक येतात की," भीमाबाई म्हणाल्या.

"सगळे मागून म्हणणारे. पुढं म्हणणारा एक दाखव."

ते काही खोटं नव्हतं. पंडितराव मूर्तीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून पुढच्या आसनावर बसत, वंदनेची एक ओळ म्हणत, आणि लोक ती मागून म्हणत. म्हणत कसले, मालगाडीला उतार लागल्यासारखे सुटत. भीमाबाईंची अर्धी ओळ दर वेळी मागं राही आणि ती सोडून देऊन त्या पुढची धरत.

"दाखवते," त्या म्हणून गेल्या. "आज तुम्ही पुढं बसूच नका. मागं माझ्याशेजारी बसा, गप्प. कुणी सुरू केलं तर आपण संध्याकाळी निघायचं. नाही केलं तर मी पेट्या सोडते आणि पुन्हा भुसावळचं नाव काढणार नाही."

पंडितराव हसले. "कबूल. पण तू सुरू करायचं नाहीस. तुला सगळं पाठ आहे."

"नाही करणार."

लोक जमले. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, 'जय भीम' झाले. पंडितरावांनी मेणबत्ती लावली, उदबत्ती लावली आणि पुढच्या आसनाला वळसा घालून थेट मागच्या भिंतीशी येऊन बसले. सगळ्या माना वळल्या.

"गार्ड साब, तबीयत तो ठीक है?"

"ठीक है. आज आप लोग कीजिए."

कुणी हललं नाही. पहिल्या रांगेतल्या प्रकाशनं मोबाइल काढला, बघितला, परत खिशात टाकला. सगळे रिकाम्या आसनाकडे बघत बसले. खाली दुकानात कुणीतरी पत्रा ठोकत होतं, तेवढाच आवाज. भीमाबाईंच्या घशापर्यंत पहिली ओळ आली होती. त्यांनी पदराचा बोळा तोंडावर धरला. म्हणा की रे कुणीतरी, मेल्यांनो, म्हणा!

शेजारी पंडितराव गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. चेहऱ्यावर कशी शांती! ती बघून भीमाबाईंचे डोळे भरून आले. ठीक आहे, त्यांनी मनाशी म्हटलं, आधी कुठली पेटी सोडावी लागेल? तवा हिरव्या पेटीत आहे.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत सुरज्ञान खाकरली.

सुरज्ञान त्यांची शेजारीण, सीतापुऱ्यात कपड्यांच्या कारखान्यात कामाला. संध्याकाळी बसमधून उतरली की आधी भीमाबाईंच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसायची. त्याच वेळी भीमाबाई दिवा लावून एकट्याच वंदना म्हणायच्या. पंडितराव तेव्हा स्कूटरवरून घरोघरी धम्म सांगत फिरत असायचे. सुरज्ञान बसल्या बसल्या काहीतरी पुटपुटायची. पाय दुखतात म्हणून बसते बिचारी, एवढंच भीमाबाईंना वाटायचं.

सुरज्ञान पुढं गेली नाही. जागच्या जागी तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात पहिली ओळ सुरू केली. ओळीच्या मध्यावर थांबली.

विसरली! पंडितराव ताठ झाले, पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर आलाच होता. पण सुरज्ञाननं संथपणे एक श्वास घेतला आणि उरलेली अर्धी ओळ म्हटली. लोकांनी मागून म्हटलं. दुसरी ओळ. पुन्हा बरोबर तिथंच थांबली, श्वास घेतला, पुढं गेली.

भरलेला सिलिंडर कमरेवर घेऊन जिना चढणारी बाई ती. तिला कसला दम लागतोय?

आणि मग भीमाबाईंच्या लक्षात आलं. रोज संध्याकाळी वंदना म्हणताना त्यांचा स्वतःचा दम नेमका तिथं तुटायचा. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकवलं काय, तर आपलं दुखणं! त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"अहो, तिचं चुकत नाहीये. माझ्या दम्यामुळं मी थांबते तिथं, तिला वाटलं तसंच असतं. मी सांगते तिला नंतर."

पंडितरावांनी निलयला एका ऱ्हस्व-दीर्घाचीही माफी दिली नव्हती. त्यांनी सुरज्ञानच्या पाठीकडे बघितलं. मग त्यांनी बायकोचं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "काही सांगू नकोस."

त्यांनी हात जोडले. सुरज्ञाननं पुढची ओळ म्हटली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा पंडितराव ती लोकांबरोबर मागून म्हणू लागले. ओळीच्या मध्यावर सगळे थांबले. पंडितरावही थांबले. भीमाबाईंनी निवांत श्वास घेतला आणि उरलेली अर्धी ओळ सगळ्यांच्या बरोबरीनं, शेवटपर्यंत म्हटली.