अडतीस पूर्णांक एक दशांश

शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या बाईंना मुले पाठीमागे दशांशबाई म्हणत, आणि हे नाव बाईंना ठाऊक होते. दशांशचिन्हानंतर एक आकडा पुरेसा असताना कोणी दोन लिहिले की त्या अर्धा गुण कापत. जे मोजलेच नाही ते लिहायचे नाही, एवढेच त्यांचे म्हणणे असे. एकवीस वर्षांत त्यांनी हे म्हणणे सोडले नव्हते. आता नोकरीच सोडावी की काय, असा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायचे होते.

प्रश्न विचारला होता सूत्रसरांनी. अकरा वर्षांपूर्वी हे गृहस्थ याच शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंच्या शेजारच्या टेबलावर काम करीत. पुढे त्यांनी स्वतःचा क्लास काढला, तो तीन मजले वाढला आणि आता वर्गातली बहुतेक सगळी मुले संध्याकाळी तिथेच असत. "बाई, पगार दुप्पट, काम चार तासांचं," त्यांनी फोनवर सांगितले होते, "आणि शिकवण्याखेरीज दुसरं काहीही करावं लागणार नाही."

शेवटचे वाक्य नेमके वर्मावर बसले. शाळेत बाई मुलांच्या उंची-वजनाचे तक्ते भरीत, शौचालयांची मोजदाद करून त्यांचे फोटो वर पाठवीत, आणि उरलेल्या वेळात शिकवीत. प्रयोगशाळेत वर्षाच्या सुरुवातीपासून गणवेशांची खोकी रचून ठेवलेली होती. ती हलवून बाईंना यंदा वर्गाकडून दोनदाच प्रयोग करून घेता आले होते.

गुरुवारी संध्याकाळी त्या जेवणाच्या टेबलावर प्रात्यक्षिक परीक्षेचे पेपर तपासायला बसल्या. समोर नवरा बसला होता आणि दोन दिवसांसाठी आलेली नणंद भाजी निवडत होती.

"वहिनी, इतका विचार कसला करता?" नणंद म्हणाली. "मला कोणी दुप्पट देत असतं ना, तर मी चपला न घालताच निघाले असते."

"तू चपला घालून तरी वेळेवर कुठे पोचतेस," तिचा भाऊ म्हणाला.

बाईंचे मात्र लक्ष नव्हते. प्रयोग साध्या लंबकाचा होता: एक मीटर दोऱ्याला गोळा टांगायचा, वीस दोलनांना किती सेकंद लागतात ते पाच वेळा मोजायचे आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचे. शाळेत चालू अवस्थेतले स्टॉपवॉच एकच उरले होते आणि ते तीन वर्षांपासून चाळीस सेकंदांत एक सेकंद पुढे पळत होते. दुरुस्तीसाठी बाईंनी चार अर्ज दिले होते. परीक्षेला दुसरे घड्याळ नसल्यामुळे त्या घड्याळावर जो कोणी खरोखर मोजेल, त्याचे वाचन एकेचाळीस सेकंदांच्या आसपास यायलाच हवे होते. बाई स्वतः परीक्षेच्या दिवशी शेजारच्या खोलीत तोंडी प्रश्न विचारीत होत्या. सेहेचाळीसपैकी त्रेचाळीस मुलांचे वाचन चाळीसच्या आसपास होते. म्हणजे त्या चुकीच्या घड्याळाने त्रेचाळीस वेळा बरोबर वेळ दाखवली होती.

"हे पाहा," त्यांनी पेपर नवऱ्यापुढे सरकवला. तो दुकानांतले वजनकाटे तपासणारा निरीक्षक होता. त्याला फार समजावून सांगावे लागले नाही.

"आमच्याकडे असा काटा सापडला तर आम्ही सील ठोकतो," तो म्हणाला. "तुमच्याकडे वीसपैकी वीस देतात काय?"

"अजून पुढचं बघा. तिसरं वाचन."

त्रेचाळीस पेपरांत तिसरे वाचन एकच होते: अडतीस पूर्णांक एक. त्यापुढे सगळीकडे त्याच शब्दांत शेरा होता, 'दोलने मोजण्यात चूक, वाचन वगळले.' बाकीचे आकडे मुलांनी लाजेखातर इकडेतिकडे हलवले होते. हा एक आकडा मात्र कोणी हलवला नव्हता, कारण चूक कशी बदलायची हे कोणालाच ठाऊक नव्हते.

बाई उठल्या. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची जुनी वही काढली. अकरा वर्षांपूर्वी मुलांसमोर हाच प्रयोग करून दाखवताना, गोळा सोडताक्षणी 'शून्य' म्हणायचे ते त्या 'एक' म्हणाल्या होत्या, आणि एकोणीसच दोलने मोजली गेली होती. ते वाचन त्यांनी खोडले नव्हते. चूक झाली तर ती लपवायची नाही, तिच्यापुढे कारण लिहायचे, हे शिकवण्यासाठी मुद्दाम तसेच ठेवले होते. पानावर त्यांच्याच अक्षरात अडतीस पूर्णांक एक होते. ही वही त्या वर्षी आठवडाभर सूत्रसरांकडे होती.

"तुमची चूक चोरीला गेली म्हणायची," नवरा म्हणाला. नणंद हसली. बाईंना हसू आले नाही.

उरलेल्या तीन पेपरांपैकी दोघांनी एकेचाळीस लिहून, घाबरून, त्यावर चाळीस गिरवले होते. तिसरा शेवटच्या बाकावरच्या मुलीचा होता. तिची पाचही वाचने एकेचाळीसच्या वर होती, उत्तर नऊ पूर्णांक तीन आले होते आणि खाली लिहिले होते, 'उत्तर पुस्तकातल्या नऊ पूर्णांक आठशी जुळत नाही. घड्याळ तपासावे.' बाईंनी तिला वीसपैकी वीस दिले. त्रेचाळिसांच्या वाचनांना शून्य.

शुक्रवारी मुख्याध्यापकांनी त्यांना खोलीत बोलावले. गुणपत्रक पुढ्यात होते.

"बाई, चुकीच्या उत्तराला पूर्ण गुण आणि बरोबर उत्तराला शून्य? गुणांच्या तक्त्यात स्पष्ट लिहिलंय, उत्तर नऊ पॉइंट सात ते नऊ पॉइंट नऊच्या मध्ये हवं."

"सर, त्या घड्याळावर ते उत्तर येऊच शकत नाही. उत्तर बरोबर आहे म्हणूनच ते खोटं आहे."

"हे मी पालकांना कसं समजावू?"

"घड्याळ दाखवा."

"घड्याळ तर मुळीच दाखवायचं नाही," मुख्याध्यापक घाईने म्हणाले. बाईंचे चारही अर्ज त्यांच्याच खणात होते. मग आवाज उतरवून ते म्हणाले, "मुलं क्लासमध्ये शिकतात, हे तुम्हालाही माहीत, मलाही माहीत. सोमवारपर्यंत गुण बदलून द्या. आणि बाई, वर्षभराच्या प्रयोगवह्यांमध्येही हेच आकडे आहेत. त्यांच्यावर सही कोणाची आहे?"

बाईंनी तिथेच वह्या मागवल्या. पहिली उघडली, दुसरी उघडली, दहावी उघडली. अडतीस पूर्णांक एक, आणि खाली त्यांची सही. तक्ते भरता भरता, गठ्ठे संपवता संपवता, पान न वाचता केलेली. कालपासून छातीत जो संताप साठला होता, त्यातला मोठा वाटा आता त्यांच्याच नावावर जमा झाला.

शनिवारी त्या क्लासमध्ये गेल्या. सूत्रसरांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला. मेजावर क्लासची छापील पुस्तिका होती. बाईंनी लंबकाचे पान काढून त्यांच्यापुढे धरले.

"तुमचंच आहे ते," सूत्रसर कौतुकाने म्हणाले. "तुमच्याइतकी स्वच्छ वही आख्ख्या शाळेत कुणाची नव्हती."

"त्यातली चूक कशाला ठेवलीत?"

"अहो, तीच तर खुबी. एखादी चूक असली की खरं वाटतं. परीक्षक खूश होतो."

बाईंनी वर पाहिले. छत गुळगुळीत होते, दिवे त्यात बुजवलेले. दोरा अडकवायला कुठे एक खिळाही नव्हता.

"इथे लंबक टांगता कुठे?"

"टांगायचा कशाला? गुण तेवढेच पडतात." सूत्रसर मागे रेलले. "रागावू नका, पण शाळेत तरी यंदा किती प्रयोग झाले हो?"

"दोन."

"म्हणजे तुमच्यात नि माझ्यात फरक दोनाचा. तेवढ्यासाठी शौचालयं मोजत बसणार?"

वजाबाकी बरोबर होती. बाईंनी चहा संपवला. तो चांगला होता, हे त्यांना नाकारता येईना. आपण खरोखर किती दमलो आहोत, हेही त्या थंडगार खोलीत त्यांना पहिल्यांदा नीट जाणवले.

"मी येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि पुस्तिकेतून माझी चूक काढून टाका. तुमची स्वतःची एखादी करा."

सोमवारी त्या शाळा भरण्याच्या दीड तास आधी आल्या. प्रयोगशाळेतली खोकी एकेक करून ओढत बाहेर आणली आणि मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर रचली. मुख्याध्यापक आले तेव्हा त्यांना आत शिरायला अंग चोरावे लागले.

"बाई, हा काय प्रकार आहे?"

"फेरपरीक्षा. कारण पत्रात लिहिलंय."

पत्र मेजावर होते. त्रेचाळीस वह्यांवर आपण न वाचता सह्या केल्या, स्टॉपवॉच तीन वर्षे नादुरुस्त आहे, चार अर्जांच्या तारखा अशा. आणि म्हणून परीक्षा पुन्हा घेत आहे. वर कारकुनाचा शिक्का होता आणि आवक क्रमांक पडलेला होता. क्रमांक पडलेला कागद खणात नाहीसा करता येत नाही, हे दोघांनाही माहीत होते.

"कारवाई आधी तुमच्यावर होईल," मुख्याध्यापक म्हणाले.

"होऊ द्या. पण माझ्यावरच थांबेल असं पत्रावरून वाटत नाही."

पहिल्या तासाला बाई स्टँडजवळ उभ्या राहिल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीने गोळा सोडला, 'शून्य' म्हणून मोजायला सुरुवात केली, विसाव्या दोलनाला घड्याळ थांबवले आणि त्याकडे पाहत राहिली.

"बाई, चाळीस यायला हवं ना?"

"काय आलंय?"

"एकेचाळीस पूर्णांक एक."

"मग?"

ती पेन्सिल उगारून थांबली. वर्षभर तिला कोणी 'मग' असे विचारलेच नव्हते.

"लिही की," मागून शेवटच्या बाकावरचा आवाज आला. "घड्याळच पुढे आहे."

तिने लिहिले. मग सवयीने तिचा हात कंपासपेटीत गेला आणि रिकामाच परत आला. खोडरबर बाईंनी दारातच सगळ्यांकडून गोळा करून घेतले होते.