कापडाच्या रणगाड्याने जिंकलेला पूल

हसू नका. मी रणगाडा आहे. कापडाचा असलो म्हणून काय झालं, एके काळी मला बघून घोडे उधळलेत.

माझा जन्म जर्मनीतला, ल्यूनेबुर्गच्या माळावरच्या एका गावातला. पहिलं महायुद्ध हरून दहाएक वर्षं झाली होती. जिंकणाऱ्यांनी जर्मनांना दम भरला होता, की सैन्य ठेवायचं चिमूटभर आणि रणगाडा तर एकही नाही. लोखंडाचा चालत नाही म्हटल्यावर कॅप्टन रातयेन यांनी सरळ कापडाचा शिवायला टाकला, तोही तंबू शिवणाऱ्या सीव्हर्सबाईंकडे.

"कॅप्टनसाहेब, हे पुढे काय काढलंय तुम्ही?" चित्र बघून बाई म्हणाल्या. "हत्ती शिवायचाय का?"

"तोफ आहे ती, बाई."

"मग तिच्यापायी कापड वाया नका घालवू. माझ्याकडे जुन्या शेगडीचं धुराडं पडलंय, ते घेऊन जा."

असा मी झालो. लाकडाची चौकट, तिच्यावर जाड राखाडी कापड, पुढे धुराडं आणि पोटात एक छोटी मोटार. मोटारीची चाकं दिसू नयेत म्हणून बाईंनी खाली झालर लावली. ती मला आजही पटलेली नाही. रणगाड्याला कुणी झालर लावतं का हो? पण बाईंपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती, कॅप्टनसाहेबांचीही नाही.

आमचे कॅप्टनसाहेब माणूस भला, पण एकाच गोष्टीचं वेड घेतलेला. सगळं युद्ध त्यांनी खंदकातल्या चिखलात बसून काढलं होतं. संध्याकाळी शिपाई पोरांना जमवून ते सांगायचे, "आपला देश पडला मधोमध, चारी बाजूंनी शेजारी. आपले जुने सेनापती लढाई झटपट उरकायचे, कारण लांबवणं त्यांना झेपणारंच नव्हतं. गेल्या खेपेला आपण थांबलो, आणि थांबलो तिथेच कुजलो. पुन्हा थांबायचं नाही."

वरच्या साहेबांना मात्र मोटारींचं काडीचं कौतुक नव्हतं. मोटार म्हणजे पीठ आणि बटाटे वाहायची वस्तू, असं त्यांचं मत. त्यांनी कॅप्टनसाहेबांना बजावलं होतं, "शरद ऋतूतल्या लढाईच्या सरावात काही करून दाखवा. नाही जमलं तर ही कापडं फेडा आणि पुन्हा पीठ वाहायला लागा." कॅप्टनसाहेबांची झोप उडाली. माझीही उडाली, कारण फेडायचं कापड म्हणजे मीच.

सरावाचा दिवस उजाडला. हुकूम एका ओळीचा होता: दुपारच्या आत गिरणीजवळचा पूल घ्या. कसा घ्यायचा ते लिहिलेलं नव्हतं. त्या फौजेची रीतच तशी. काय हवंय ते वरच्याने सांगायचं, कसं करायचं ही खालच्याची डोकेदुखी. पूल राखायला होते म्हातारे कर्नल ड्रेलनित्स आणि त्यांचं घोडदळ. इंजिनाचा वास आला तरी नाक मुरडणारा माणूस.

माझ्यामागून शिवलेले दोन भाऊ आणि मी, असे आम्ही तीन रणगाडे झोकात निघालो, आणि पहिल्याच वळणावर दंडाला पांढरी पट्टी बांधलेले पंच आडवे आले.

"कॅप्टन रातयेन, तुम्ही मेलात."

"कशाने?"

"तोफेच्या गोळ्याने. तोफ त्या टेकडीमागे आहे."

"मला नाही दिसली."

"म्हणून तर मेलात."

सरावात मेलेल्याने शिरस्त्राण काढून रस्त्याकडेला मुकाट बसायचं असतं. कॅप्टनसाहेब बसले. सगळा भार आला लेफ्टनंट ओट्टेनवर. हा पोरगेला अधिकारी, आमच्यात नवाच आलेला. तो धावत आला आणि नुसता बघत राहिला. कॅप्टनसाहेबांनी भुवया जोरजोरात उडवल्या.

"मेलेल्या माणसाने भुवया हलवायच्या नाहीत," पंच म्हणाले.

मग ओट्टेनने माझ्यावर थाप मारली, उरलेल्या दोघांना सांगितलं, "तुम्ही रस्त्यावर जमेल तेवढा गोंगाट करा," आणि मला घेऊन खाली ओढ्यात उतरला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पाण्याचे शिंतोडे, वाऱ्याने फुगलेलं अंग, मी खरोखर सुसाट सुटलो होतो.

आणि मोटार चिखलात रुतली. पार पोटापर्यंत.

मागून आलेल्या शिपायांनी ढकलून बघितलं, ती हलेना. दुपार तर जवळ येत चाललेली. ओट्टेनने एकदा मोटारीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"चौकट सोडवा," तो म्हणाला. "उचला ह्याला."

"पायी जायचं, साहेब?"

"हो. थांबायचं नाही."

मग काय, पोरांनी मला खांद्यावर घेतलं आणि हसत, धापा टाकत आम्ही गिरणीच्या मागून पुलावर धडकलो. सगळे स्वार रस्त्यावरच्या गोंगाटाकडे तोंड करून बसलेले. झालरीखाली बूट असलेला रणगाडा घोड्यांनी जन्मात बघितला नव्हता. ते दाव्यासकट पळाले.

पंच मात्र ढिम्म. "लेफ्टनंट, खरा रणगाडा ओढ्यातच रुतला असता. खरे रणगाडे पायी चालत नाहीत."

बोलणं बिनतोड होतं. माझ्या डोळ्यांपुढे पिठाची पोती नाचायला लागली.

तेवढ्यात कर्नलसाहेब पुढे आले. गप्प बसले असते तर जिंकलेच होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "रणगाड्याचं सोडा हो. मी मागे एक माणूस ठेवला नव्हता. पाववाल्याची गाडी आली असती तरी पूल गेला असता. हरलो मी, लिहा तसं."

पंचांनी शिट्टी फुंकली. पूल आमचा झाला.

कॅप्टनसाहेब धावतच आले आणि त्यांनी ओट्टेनला मिठी मारली. "मला वाटलं, तू रस्त्यानेच जाशील."

"तुमच्या भुवया रस्त्याकडेच बोट दाखवत होत्या, साहेब."

"अरे, मी ओढाच म्हणत होतो."

त्या दुपारी दोन्हीकडचे मेलेले उठून एकाच कढईतलं वाटाण्याचं सूप प्यायले, आणि कर्नलसाहेबांनी घोड्याला माझा वास घेऊ दिला. इतका आनंद मी पुन्हा बघितला नाही.

आम्ही जिंकलो ते वरच्या साहेबांना पटलं, आणि काही वर्षांनी त्यांनी लोखंडाचे रणगाडे केले. ते माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने गेले, लोकांच्या देशांत, लोकांच्या घरांवरून. तिथले मेलेले उठले नाहीत. कॅप्टनसाहेबही परत आले नाहीत. आम्ही त्या दिवशी हरायला हवं होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारतो.

आता मी गावच्या आठवडी बाजारात बटाट्याच्या दुकानावरचं छप्पर आहे. झालर गेली, सुटलो एकदाचा. सीव्हर्सबाईंची नात दुकान चालवते. परवा पावसात एक लंगडा म्हातारा माझ्याखाली येऊन उभा राहिला. वर बघून त्याने राखाडी रंगावर बोट फिरवलं. तो ओट्टेन होता.

"कसलं कापड आहे हो हे?" नातीने विचारलं. "आजी काहीतरी सांगायची, मी विसरले."

"फार चांगलं कापड आहे," तो म्हणाला. "ह्याने कुणाला मारलं नाही." आणि बटाटे न घेताच पाऊस थांबेपर्यंत माझ्याखाली उभा राहिला.

तर मंडळी, वेगाची हौस असेल तर सायकली घ्या, शर्यती लावा, पडा, हसा. माझी ना नाही. पण लोखंडाचा रणगाडा करायची कुणी गोष्ट काढली, तर त्याला आधी माझ्याकडे पाठवा. मी बुधवारी आणि शनिवारी बाजारातच असतो.